टायगरला कॅल्शियम, मनीला सॅल्मन तेल? दुकानदाराने चार बाटल्या दिल्या, आता काय करू?

कवळ्याची_सून (सोमवार, रात्री 9:12)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमच्या घरात मी, नवरा, सासूबाई, टायगर आणि मनी. टायगर सात महिन्यांचा, पक्का गावठी. जत्रेहून येताना नवऱ्याने खाज्यांच्या पिशवीतून घरी आणला. वजन 14 किलो. मनी दोन वर्षांची मांजर, घरची खरी मालकीण.

महिनाभर टायगरचे केस गळतायत. अंगावरची चकाकी गेली, डोळ्यांभोवती आणि पुढच्या पायांवर तर केस अगदी विरळ झालेत. आमचे नेहमीचे डॉक्टर शनिवारी भेटणार. तोवर काहीतरी सुरू करावं म्हणून फोंड्यात दुकानात गेले. दुकानदाराने मोबाईलवरचा फोटो बघितला आणि 'ताई, वीकनेस आहे' म्हणून तीन बाटल्या काढल्या: कॅल्शियमचं सिरप, मल्टिव्हिटामिनचे थेंब, लिव्हर टॉनिक. मांजरही आहे असं मी आपणहून सांगितलं (माझीच चूक), तर सॅल्मन तेलाची चौथी आली. बिल 1,860 रुपये. सासूबाईंनी पिशवी बघून विचारलं, "कोण बाळंतीण आहे गो?"

यातलं नेमकं कुठलं द्यावं? की सगळंच? की काहीच नको? तुम्ही आपापल्या कुत्र्यामांजरांना काय देता?

हुर्राक_प्रेमी (रात्री 9:20)

आमच्या कुत्र्याचं सप्लिमेंट म्हणजे शेजाऱ्यांच्या चपला. फक्त डावीच खातो, उजवीत बहुतेक सत्त्व कमी असतं. केस मात्र असे चकाकतात की विचारू नका.

बाकी गोव्यात दगड मारला तर तो कुठल्यातरी टायगरलाच लागेल. नाव बदला, निम्मं दुखणं जाईल.

पेडण्याचे_नाना (रात्री 9:41)

सूनबाई, आमचा मोत्या चौदा वर्षं जगला. उकड्या तांदळाची पेज, बांगड्याची डोकी आणि चवथीला नेवरी. त्याने बाटली पाहिली ती फक्त माझ्या हातात. हे टॉनिकांचं खूळ शहरातून आलंय. कुत्र्याला भूक लागली की सगळं अंगी लागतं. पैसे परत मागा.

साष्टीकर (रात्री 9:55)

नाना, मोत्याचा किस्सा आवडला. पण एक विचारू? मोत्याबरोबर जन्मलेली भावंडं किती होती आणि त्यातली किती जगली?

लॅबची_आई (रात्री 10:03)

मी सगळी दुकानदारी करून बसलेली बाई आहे, म्हणून लिहिते. आमची सोफी, लॅब्राडोर, आता नऊ वर्षांची. सहाव्या वर्षी मागचे पाय ओढायला लागली. दोन वर्षं सांध्यांसाठीच्या ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्या दिल्या, दर महिन्याला हजाराच्या वर. 'फरक पडतोय' असं मी सगळ्यांना सांगायचे. नवरा म्हणायचा, फरक तुझ्या चेहऱ्यावर पडतोय, सोफी जिन्याखालीच बसलेली असते.

मग मडगावात एका डॉक्टरीण बाईंकडे गेलो. त्यांनी सोफीला काट्यावर उभं केलं. 41 किलो. त्या म्हणाल्या, "गोळी राहू दे, आधी हिचा पाव बंद करा." सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की सोफी गेटवर हजर, आणि सासरे तिला एक पोळी न चुकता द्यायचे. (पोळी म्हणजे आपली पोई, घाटावरच्यांनी गैरसमज करून घेऊ नये.) पाव बंद, जेवण मोजून. दहा महिन्यांत 34 वर आली आणि जिना चढायला लागली. त्याच बाईंनी सांगितलं की 48 लॅब्राडोर पिल्लांवर जन्मभराचा अभ्यास झालेला आहे. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं. कमी खाणाऱ्यांतले निम्मे 13 वर्षांपलीकडे जगले, पोटभर खाणाऱ्यांतले निम्मे 11.2 वर्षांपलीकडे. सांधेही उशिरा दुखायला लागले. 2002 साली ते छापून आलं. सासऱ्यांना हे ऐकवलं तर म्हणाले, "मग ते बिचारे तेरा वर्षं उपाशी जगले म्हण की."

चिंबलकार (रात्री 10:15)

लॅबची_आई, माझ्या जर्मन शेफर्डला त्याच ग्लुकोसामाइनने नक्की फायदा झाला. तीन आठवड्यांत खाटेवर उडी मारू लागला. सगळंच थोतांड म्हणू नका.

लॅबची_आई (रात्री 10:22)

थोतांड म्हटलंच नाही हो. पण त्याच तीन आठवड्यांत दुखण्यावरची गोळी चालू होती का?

चिंबलकार (रात्री 10:30)

होती. आठवडाभर.

...आलं लक्षात.

गोरवांचो_दोतोर (रात्री 11:05)

निवृत्त माणूस आहे, झोप येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. उमेदीची वर्षं सत्तरी तालुक्यात गाईम्हशींमध्ये काढली. कुत्री-मांजरं नंतर आली, पण आली ती बाटल्या घेऊनच.

एक प्रकरण सांगतो. एका बागायतदाराने रॉटवायलरचं पिल्लू आणलं, अडीच महिन्यांचं. घरात गाईसाठी आणलेला पातळ कॅल्शियमचा पाच लिटरचा कॅन होता. 'गाईला चालतं तर याला का नाही' म्हणून रोज अर्धी वाटी दुधात. पाचव्या महिन्यात माझ्याकडे आणलं तेव्हा पुढचे पाय कंसासारखे वाकलेले. मालक म्हणे, "दोतोर, एवढं कॅल्शियम घालूनही पाय वाकडे!" अहो, घातल्यामुळेच. मोठं झालेलं कुत्रं नको असलेलं कॅल्शियम आतड्यातून फारसं आत घेत नाही. सहाएक महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला ते दार बंद करता येत नाही, येईल तेवढं आत जातं. ज्या जातींची वाढ झपाट्याने होते त्यांची हाडं मग बिघडतात. पाय काही पूर्ण सरळ झाले नाहीत.

म्हणजे कॅल्शियम वाईट असं नव्हे. सूनबाई, तुम्ही टायगर काय खातो ते एका अक्षरानेही लिहिलेलं नाही. ते समजल्याशिवाय बाटलीवर बोलणं म्हणजे नाडी न बघता काढा देणं. सकाळपासून रात्रीपर्यंत ताटात काय पडतं ते लिहा. मनीचंही.

आणि डोळ्यांभोवती व पुढच्या पायांवर विरळ केस, वय सात महिने, हे वाचून माझ्या मनात एक शंका आहे. फोटोवरून निदान करणारा दुकानदार एक पुरे, म्हणून गप्प बसतो. शनिवारी डॉक्टरांना कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा.

पेडण्याचे_नाना (रात्री 11:20)

साष्टीकर, भावंडं सात होती. पावसाळा संपेपर्यंत मोत्या एकटा उरला. याचा विचार मी आजवर केला नव्हता.

साष्टीकर (मंगळवार, सकाळी 7:10)

नाना, मला टोचून बोलायचं नव्हतं. आमच्याकडेही तेच झालंय, म्हणूनच विचारलं.

लिव्हर टॉनिकवरून माझी गोष्ट. गेल्या पावसाळ्यात आमचा ब्रुनो जेवेना. सुस्त पडून राहायचा, हिरड्या फिकट. ओळखीच्या औषधवाल्याने लिव्हर टॉनिक आणि लोहाचं सिरप दिलं. तीन आठवडे इमानाने पाजलं. मग एका सकाळी नाकातून रक्त आलं. रक्त तपासलं तर प्लेटलेट पार खाली. गोचिडीचा ताप, अर्लिशिया. पावसाळ्यात आमच्या भागात गोचीड म्हणजे अंगणातल्या चिखलाइतकीच हक्काची. चार आठवडे डॉक्सीसायक्लिन घेतल्यावर वाचला. रक्त कमी होतं हे खरं, पण ते लोह कमी पडल्यामुळे नव्हे. लोह पाजून आम्ही फक्त तीन आठवडे घालवले. शेजारणीने पपईच्या पानांचा रसही आणून दिला होता, तो ब्रुनोने माझ्या शर्टावर थुंकला.

टॉनिकाने तो मेला असता असं म्हणत नाही. टॉनिक देतोय, म्हणजे काहीतरी करतोय, असं वाटून आम्ही डॉक्टरकडे गेलो नाही.

कवळ्याची_सून (सकाळी 8:35)

बापरे, रात्रीत एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

टायगर: सकाळी उकड्या तांदळाचा भात आणि चिकन. चिकन बोनलेस, दिवसभरात मिळून साधारण पाव किलो, हळद घालून शिजवलेलं. हाडं घशात अडकतील म्हणून मीच काढायला लावते. दुपारी अर्धी चपाती, थोडं दूध. रात्री परत भात-चिकन. रविवारी सुंगटांची (कोळंबीची) टरफलं चोरतो. गोचीड मी रोज बघते, दोन-तीन मिळतात.

मनी: तारले. कच्चे. मासळीवाली बाय दारात आली की मनी तिच्या पायातच असते, दोन तारले तिचे ठरलेले. गेला महिनाभर मासेमारीबंदीमुळे ताजी मासळी महाग, म्हणून खारे बांगडे धुऊन देतोय, नाहीतर बर्फातले तारले. दुसरं काही हुंगतसुद्धा नाही.

कॅल्शियमच्या बाटलीवर लिहिलंय: 5 मिलीमध्ये कॅल्शियम 150 मिलिग्रॅम, सोबत व्हिटामिन डी3. मात्रा: पिल्लांना 5 मिली दोनदा.

व्याकरणवाला (सकाळी 9:02)

धाग्यात 'सप्लिमेंट' हा शब्द सारखा येतोय. मराठीत त्याला पूरक म्हणतात. पूरक म्हणजे उणं भरून काढणारं. आधी किती उणं आहे हे ठाऊक असलं तर ते पूरक, नाहीतर नुसतं 'अधिक'. मी फक्त भाषेपुरतं बोलतोय, कुत्रा पाळलेला नाही.

हुर्राक_प्रेमी (सकाळी 9:08)

व्याकरणवाले भाऊ, कुत्रा नसताना धाग्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्हीच लिहिलंत. दंडवत.

गोरवांचो_दोतोर (सकाळी 10:40)

व्याकरणवाल्यांनी माझं काम सोपं केलं. चला, उणं मोजू.

बोनलेस चिकनमध्ये शंभर ग्रॅममागे फॉस्फरस साधारण 200 मिलिग्रॅम आणि कॅल्शियम दहा-पंधरा. भातात कॅल्शियम जवळजवळ नाहीच. कुत्र्याला ही दोन्ही साधारण बरोबरीने हवीत, कॅल्शियम थोडं जास्त असलं तरी चालतं. टायगरच्या ताटात प्रमाण साफ उलटं आहे. असं महिनोन् महिने चाललं तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतं. पिल्लाची हाडं मऊ पडतात, उडी मारताना मोडतातही. तेव्हा नानांच्या मोत्याला बांगड्याच्या डोक्यातून जे मिळत होतं, ते तुम्ही घशाच्या काळजीने काढून टाकलंत. शिजवलेलं कोंबडीचं हाड देऊ नये हे तुमचं बरोबरच आहे, ते टोकदार फुटतं. पण त्याची भरपाई झाली नाही.

आता बाटली. वाढत्या पिल्लाला दर हजार कॅलरीमागे कॅल्शियम साधारण 3 ग्रॅम लागतं. टायगरच्या वजनाला नि वयाला हजाराच्या आसपास कॅलरी धरा. बाटलीवरच्या मात्रेने दिवसाला मिळतं 300 मिलिग्रॅम, म्हणजे दहावा हिस्सा. मग कोणी म्हणेल, दहापट देऊ. तिथे सोबतचं डी3 आडवं येतं. ते लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठतं. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडं जातात. म्हणजे तुमची बाटली सांगितल्याप्रमाणे दिली तर निरुपयोगी, पुरेशी दिली तर धोक्याची.

अंड्याचं कवच हा जुना आणि चांगला उपाय आहे. कवच उकळून, वाळवून, मिक्सरला अगदी पिठासारखं करायचं. एका कवचातून साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम मिळतं, त्यात फॉस्फरस जवळपास नसतो, तो तुमच्या चिकनमध्ये आहेच. पण मात्रा शनिवारी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि लक्षात घ्या, या जेवणात फक्त कॅल्शियमच कमी आहे असं नाही. जस्त, तांबं, आयोडीन, व्हिटामिन ई यांचाही हिशेब लागत नसणार. अमेरिकेत डेव्हिसच्या विद्यापीठातल्या लोकांनी 2013 साली पुस्तकांतल्या नि इंटरनेटवरच्या 200 घरगुती पाककृती तपासल्या. 95 टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी भरला. त्यात पशुवैद्यांनी लिहिलेल्याही होत्या, हे आमच्या मंडळींना सांगायला मला आवडत नाही.

चांगलं, संपूर्ण असं पिल्लांचं तयार खाद्य पूर्ण मात्रेत खाणाऱ्या कुत्र्याला मात्र यातलं काहीच लागत नाही. त्याला वर कॅल्शियम घातलंत तर त्या रॉटवायलरची गत.

पुण्यात_अडकलेला_गोंयकार (सकाळी 11:15)

उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली. एक प्रश्न: माणसांच्या गोळ्या कुत्र्याला चालतात का? स्वस्त पडतात.

गोरवांचो_दोतोर (सकाळी 11:32)

काही चालतात, पण घटक वाचल्याशिवाय नाही. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या चघळायच्या गोळ्या किंवा सिरपं कुत्र्याला अगदी थोडी दिली तरी रक्तातली साखर कोसळते. दर किलोमागे ग्रॅमचा दहावा हिस्सा पुरतो. लोहाच्या गोळ्यांची पट्टी चावून खाल्ली तर सरळ दवाखाना गाठा.

चिकित्सक_मांजर (दुपारी 1:20)

सगळे कुत्र्यामागे धावतायत, मनीचं कोण बघणार? घरात पाच मांजरं आहेत, तेव्हा मी बघते.

कवळ्याची_सून, मनीला मासळीतून टॉरिन (एक अमिनो आम्ल) मिळतं, ही चांगली बाजू. मांजराला टॉरिन शरीरात पुरेसं बनवता येत नाही, ते मांस-मासळीतूनच यावं लागतं. कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा आणि हृदय दोन्ही जातं. 1987 मध्ये पॉल पायन यांनी दाखवलं की हृदय पसरलेल्या मांजरांना टॉरिन दिलं की ती सुधारतात. त्यानंतर तयार खाद्यांत ते वाढवलं गेलं. म्हणून शाकाहारी मांजर हा प्रकार कृपया कोणी करू नका. आणि मांस शिजवताना टॉरिन पाण्यात उतरतं, ते पाणी ओतून देऊ नका.

आता वाईट बाजू. एक, कच्चे मासे. काही माशांत आणि शिंपल्यांत थायमिनेज असतं, ते व्हिटामिन बी1 मोडून टाकतं. माझ्या एका बोक्याची मान एकदा खाली लोंबायला लागली, चालताना झोकांड्या. मला वाटलं कोणीतरी मारलं. नुसत्या कच्च्या मासळीवर होता तो. बी1ची इंजेक्शनं दिल्यावर दोन दिवसांत मान वर. शिजवलं की थायमिनेज नष्ट होतं, एवढा साधा उपाय.

दोन, रोज फक्त तेलकट मासळी आणि व्हिटामिन ई कमी, म्हणजे अंगातली चरबीच सुजते. मांजर हात लावू देत नाही, ताप येतो. म्हणून तारल्यांवर जगणाऱ्या मांजराला वर सॅल्मन तेल देणं म्हणजे समुद्रात पाण्याचा टँकर ओतणं.

तीन, खारे बांगडे. पुरुमेंताची (पावसाळ्यासाठी साठवलेली) मासळी माणसांसाठी आहे. धुऊनसुद्धा मीठ राहतं. बंदी 31 जुलैला संपते, तोवर कोंबडीची हृदयं द्या. हृदयात टॉरिन भरपूर. काळीज (म्हणजे लिव्हर) मात्र आठवड्यातून एकदा आणि चिमूटभर. रोज काळीज खाणाऱ्या मांजरांत व्हिटामिन ए साचतं आणि मानेचे मणके एकमेकांना चिकटतात.

कॉड लिव्हर तेल आणि माशाचं साधं तेल हे दोन वेगळे प्रकार आहेत, दुकानदारही गोंधळ करतात. पहिल्यात ए आणि डी असतं.

उकडो_तांदूळ (दुपारी 1:48)

हे सगळं ठीक. पण श्रावण तोंडावर आलाय. आमच्या घरात महिनाभर मासळी नाही, अंडं नाही. मांजराने काय करावं?

हुर्राक_प्रेमी (दुपारी 1:52)

धर्मांतर.

उकडो_तांदूळ (दुपारी 2:05)

हसू नका, खरंच झालंय! आमचा बोका श्रावण लागला की शेजारच्या मारिया आंटीकडे मुक्काम हलवतो. चवथीनंतर मासळी शिजली की परत. आंटी त्याला आंतोन म्हणते, आम्ही गणू. दोन्ही नावांना ओ देतो. गेल्या वर्षी तिकडून परतला तेव्हा किलोभर वाढला होता. आई म्हणाली, "हो घरा उपाशी आशिल्लो अशें लोक म्हणटले आतां."

व्याकरणवाला (दुपारी 2:11)

गणू-आंतोन हा द्वंद्व समास.

कवळ्याची_सून (दुपारी 2:30)

सासूबाईंना वाचून दाखवलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आमच्याकडे सोमवार पाळतात, पण मनीचे दोन तारले वेगळ्या चुलीवर. आता ते शिजवावे लागणार. सासूबाई म्हणतायत, "मांजरासाठी सोमवारी मासळी शिजवायची? बरं, मागच्या पडवीत."

चिंबलकार (संध्याकाळी 6:40)

काल रात्रीपासून शोधाशोध केली, म्हणून परत आलो. लॅबची_आई, तुमचं बरोबर निघालं. कुत्र्या-मांजरांच्या सांधेदुखीवरच्या पूरकांचा एक मोठा आढावा 2022 मध्ये आलाय. ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या बाजूने काही हाती लागलं नाही, उलट देऊ नये असंच त्यांनी म्हटलंय. ओमेगा-3 ला मात्र चांगला आधार मिळाला. आता प्रश्न असा की तेल किती द्यायचं? बाटलीवर नुसतं 'दोन पंप' लिहिलंय.

लॅबची_आई (संध्याकाळी 7:05)

पंप मोजायचे नाहीत, ईपीए आणि डीएचए (तेलातली कामाची ओमेगा-3) मिळून किती मिलिग्रॅम ते बघायचं. सोफीला आमच्या डॉक्टरांनी दिवसाला साधारण 1.4 ग्रॅम सांगितलंय, 34 किलो वजनाला. माणसांच्या नेहमीच्या 1000 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ईपीए 180 आणि डीएचए 120, म्हणजे कामाचे 300च. साडेचार-पाच कॅप्सूल झाल्या. एकदम सुरू केलं तेव्हा दोन दिवस अंगण धुवत बसले होते, तेव्हा हळूहळू वाढवा. ज्या बाटलीवर हे दोन आकडेच नाहीत ती मी घेत नाही, डब्यावर कितीही गोंडस कुत्रा असू दे.

आणि आपल्या हवेत तेल लवकर खवट होतं. फोडलेली बाटली फ्रीजमध्ये. वास घेऊन बघा, सुक्या मासळीच्या बाजारासारखा आला तर फेका. दुकानाच्या काचेत उन्हात मांडलेली तर घेऊच नका.

चिकित्सक_मांजर (संध्याकाळी 7:30)

पावडरींचंही तेच. पावसात डबा उघडा राहिला की दुसऱ्या दिवशी दगड. आणि शिंकणाऱ्या मांजरांना लायसिन देणारे कोणी इथे असतील तर थांबवा, मांजरांतल्या हर्पिसवर त्याचा उपयोग होत नाही असा निष्कर्ष 2015 मध्येच निघालाय. माझी दोन डबे लायसिन खाऊन शिंकतच होती.

पेडण्याचे_नाना (रात्री 9:15)

आज आमच्या वाड्यावरच्या कुत्रीच्या पिल्लांना बघून आलो. पाच आहेत. पोटं फुगलेली. सूनबाईंच्या धाग्यावर विचारणं बरोबर नाही, पण दोतोर, यांना काय द्यावं?

गोरवांचो_दोतोर (रात्री 9:40)

नाना, आधी जंताचं औषध. वजन करून, दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांची होईपर्यंत. टॉनिक जंतच पितात. आणि आईला पोटभर जेवू घाला, मासळीच्या डोक्यांसकट. पिल्लांचं खाणं आईच्या ताटातूनच जातं. वजनं कळवा, मात्रा लिहून देतो.

कवळ्याची_सून (शनिवार, रात्री 8:50)

आज जाऊन आलो.

डॉक्टरांनी सुरीच्या पात्याने कातडी दोन-तीन ठिकाणी खरवडली, काचेवर घेतली आणि मलाही सूक्ष्मदर्शकातून दाखवली. सिगारसारखे लांबट, आखूड पायांचे किडे वळवळत होते. डेमोडेक्स. ते केसांच्या मुळाशी असतातच म्हणे, पिल्लाची प्रतिकारशक्ती तयार होण्याआधी कधी कधी माजतात. व्हिटामिनशी संबंध नाही. महिन्याला एक चघळायची गोळी दिलीय, तिनेच गोचीडही मरतील. दोतोर, हीच होती ना तुमची शंका? रक्तही तपासलं, प्लेटलेट ठीक आहेत.

मग मी बाटल्या टेबलावर मांडल्या. लिव्हर टॉनिक बघून त्यांनी विचारलं, "याच्या लिव्हरला काय झालंय?" मी म्हटलं, "वीकनेस." ते हसलेच नाहीत.

कॅल्शियमचा हिशेब मात्र दोतोरांसारखाच. म्हणाले, या जेवणाला कॅल्शियम हवंच, पण ही बाटली नको. निम्मं जेवण पिल्लांच्या तयार खाद्यावर आणायचं आणि उरलेल्या निम्म्या भात-चिकनसाठी कवचाची पूड, दिवसाला पाऊण कवच. पूर्ण तयार खाद्यावर गेलो तर पूड बंद. मल्टिव्हिटामिन नाही. सहा आठवड्यांनी परत खरवडून बघणार.

सासूबाईंनी कवचं उकळायला घेतलीयत. मिक्सरचं भांडं त्यासाठी वेगळं काढून ठेवलंय, त्यावर खडूने 'टायगर' लिहिलंय.

मनीने शिजवलेले तारले दोन दिवस हुंगले नाहीत. तिसऱ्या दिवशी शिजवलेलं पाणी आधी दिलं, ते चाटलं, मग मासे खाल्ले. कोंबडीची हृदयं मात्र पहिल्याच घासात फस्त. सॅल्मन तेल सीलबंद आहे, लॅबची_आई, तुम्हाला हवंय का? बाटलीवर दोन्ही आकडे आहेत, बघितलं मी. दुकानदार परत घेत नाही.

लॅबची_आई (रात्री 9:04)

हवंय! बुधवारी फोंड्यात येतेय. पैसे देणार, नाही म्हणायचं नाही.

गोरवांचो_दोतोर (रात्री 9:10)

होय, डेमोडेक्सचीच शंका होती. पूड पिठासारखी बारीक करा, खरखर राहू देऊ नका. नानांची पिल्लं कशी आहेत?

पेडण्याचे_नाना (रात्री 9:31)

जंत पडले. पाचही आहेत. एकाचं नाव मोत्या ठेवलंय.

हुर्राक_प्रेमी (रात्री 9:36)

सूनबाई, ते लिव्हर टॉनिक अजून सीलबंद आहे का? पुढच्या एप्रिलमध्ये हुर्राक (काजूची दारू) आला की मला लागेल.

गोरवांचो_दोतोर (रात्री 9:44)

वजन कळवा, मात्रा लिहून देतो. उपाशीपोटी केलेलं हवं.